परसातला रातांबा

परमुलखात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची ओळख पटवून घ्यायची असेल, तर दारावरची पाटी वाचण्यापेक्षा परसात डोकवावे, असे मला अनेक वर्षांच्या अनुभवाने वाटू लागले आहे. पाटीवरचे नाव गुजराथी किंवा इंग्रजी लिपीत गेलेले असते. घरातली मुले आपापसांत कोणत्या भाषेत बोलतील याचाही भरवसा नसतो. परसात मात्र तुळशीशेजारी अळूचा वाफा असतो, कढीलिंब असतो, आणि जागा असेलच तर गावाकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले एखादे फळझाड असते. त्या झाडाची कथा बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बाईपाशी असते. आमच्या घरी ती माझ्या आईपाशी होती.

आम्ही सुरतेत तापीच्या उजव्या तीरावर अडाजण भागात राहतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमच्या घरातले पाणी ओसरले तेव्हा परसात वीतभर गाळ साचला होता. पपईची चारही झाडे दोन दिवसांत माना टाकून बसली. पपईच्या मुळांना तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. चिकू तेवढा वाचला. आम्ही सारे घर धुण्यात गुंतलो होतो, तेव्हा आई काठी टेकीत मागल्या दारी गेली, गाळ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "अरे, नदीने एवढी माती आणून दिली आहे. तिच्यात काहीतरी लाव."

पुढल्या वर्षी, म्हणजे २००७ च्या जूनमध्ये, ती माहेरी संगमेश्वराकडे जाऊन आली, तेव्हा तिच्या पिशवीत रातांब्याची दोन रोपे होती. रातांबा म्हणजे ज्याच्या सालीची आमसुले होतात ते कोकमाचे झाड. दोहोंपैकी एक पहिल्याच उन्हाळ्यात वाळले. दुसरे तिने वाचवले. मार्च ते मे त्याच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस गोणपाटाचा आडोसा, बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर, आणि रोज संध्याकाळी तांदळाचे धुवण. दर उन्हाळ्यात ती फांद्या न्याहाळी आणि म्हणे, "यंदा नाही. पुढल्या वर्षी." बियांपासून वाढवलेल्या रातांब्याला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, हे तिला ठाऊक होते. २०१३ मध्ये ती गेली, तेव्हा झाड सहा वर्षांचे होते.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात झाडाला प्रथम फुले आली. आम्हा उभयतांना किती आनंद झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. फुले गळली; फळ एकही धरले नाही. शेजारच्या मासींनी कुंपणावरून विचारलेच, "मास्तर, आ तो फूल ज आपे छे, फळ क्यां?" त्याच सुमारास एका लग्नानिमित्त माझा मामेभाऊ सुरतेस आला होता. त्याने झाडाकडे एकवार पाहिले, एक झुबका खुडून हातावर घेतला आणि शांतपणे सांगितले, "दादा, हा नर आहे. याला जन्मात रातांबा लागायचा नाही."

रातांब्यात नर आणि मादी अशी झाडे वेगवेगळी असतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. बियांची रोपे केली, तर साधारण निम्मी नर निघतात, आणि फुले येईपर्यंत रोपाकडे पाहून त्याचा भेद कळत नाही. नराची फुले लहान, झुबक्यांनी येणारी. मादीचे फूल बहुधा एकटे-दुकटे, थोडे मोठे आणि मधोमध इवलासा वाटोळा अंडाशय असलेले. म्हणून शहाणा माणूस चार-सहा रोपे लावतो आणि फुलल्यावर निवड करतो. मामेभाऊ पुढे म्हणाला, "आत्येला मी म्हटलं होतं, चार तरी ने. ती म्हणाली, हातात दोनच मावतात."

नऊ वर्षे आपण एका झाडाची वाट पाहिली आणि एकदाही कोणा जाणत्याला विचारले नाही, याची मला लाज वाटली. शाळेत मुलांना 'शंका विचारीत जा' असे मी उठल्याबसल्या सांगतो. स्वतः मात्र आईच्या श्रद्धेला धक्का लागेल म्हणून, किंवा खरे सांगायचे तर आळसाने, विचारले नव्हते. आईला हे कळले नाही हे बरे झाले की वाईट, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही.

तोडावे की राखावे?

मुलाचे म्हणणे व्यवहाराचे होते. मोटार रस्त्यावर उभी करावी लागते. झाड काढले तर परसात तिची सोय होईल. फळ न देणारे झाड कशासाठी राखायचे? मला उत्तर सुचेना. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "फळ दिलं असतं, तर मोटार कुठे ठेवली असती?" त्यावर मुलगा हसला आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

उपाय मामेभावानेच सांगितला. नर तोडू नये. शेजारी मादीचे कलम लावावे. कोकणातले बागाईतदार आठ-दहा मादी झाडांमागे एक नर मुद्दाम राखतात, कारण परागकण त्याच्याकडून मिळतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) रातांब्याच्या निवडक जाती दिल्या आहेत. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' ही त्यांतली नावे. त्यांची कलमे मृदुकाष्ठ पद्धतीने, म्हणजे कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर मादी झाडाची काडी बसवून केलेली असतात. ही काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची असावी लागते. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, पण जन्मभर आडवेच पसरते. कलम विकत घेताना शेंडा सरळ वर चालला आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.

२०१७ च्या पावसाळ्यात आम्ही असे एक कलम नराशेजारी, पंधरा फुटांवर लावले. सुरतेची मूळ जमीन काळी, चिकण. पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रातांब्याला निचऱ्याची तांबडी माती हवी. म्हणून दोन-दोन फुटांचा खड्डा मे महिन्यात खणून, उन्हात तापू देऊन, तांबडी माती, नदीचा गाळ आणि कुजलेले शेणखत यांनी भरला व जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवला. सुरतेचा पाऊस कोकणाच्या निम्म्याहून कमी, तेव्हा दिवाळीनंतर पाणी आपणच द्यावे लागते. पहिली दोन वर्षे आईच्याच पद्धतीने गोणपाटाचा आडोसा केला.

२०२२ च्या मे महिन्यात त्या कलमाला तेवीस रातांबे लागले. मी ते मोजले, हे कबूल करण्यात संकोच वाटत नाही.

काढणी आणि आमसुले

फळ हिरव्याचे तांबडे आणि तांबड्याचे गर्द जांभळट लाल होईपर्यंत थांबावे; मात्र पाऊस पडू देऊ नये, कारण पिकलेले फळ पहिल्या सरीत नासते. कोकणात या एका गोष्टीने दरसाल पुष्कळ पीक वाया जाते. सुरतेला पाऊस तिकडच्यापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा पोचतो, एवढी एक सवलत आपल्याला आहे. फळे धुऊन, फोडून, साली वेगळ्या कराव्यात. बिया व गर मीठ लावून ठेवले की रस सुटतो. त्या रसात साली बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असे पाच-सहा वेळा केले की काळसर, लवचीक, वर्षभर टिकणारी आमसुले तयार होतात. मिठात मुरलेला नुसता रस म्हणजे आगळ, त्याची सोलकढी. बियांतून निघणाऱ्या तेलाला तळकोकणात भिरंडेल म्हणतात. ते थंडीत घट्ट होते आणि फुटलेल्या टाचांना लावतात.

पहिल्या वर्षीची आमसुले वाटीभरच झाली. त्यांतली निम्मी शेजारच्या मासींकडे गेली. सुरती डाळीला कोकमाशिवाय चव नाही, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आपण ज्याला खास कोकणचे समजतो, ते गुजराथी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या मानाने नांदते आहे.

पाहुणे आणि यजमान

या निमित्ताने मी थोडे वाचू लागलो, विचारू लागलो, आणि ध्यानात आले की 'आपले फळ' व 'परके फळ' हा भेद फारसा टिकणारा नाही. नवसारी, गणदेवी, अमलसाड या पट्ट्यात चिकूच्या केवढ्या बागा आहेत! अमलसाडच्या सहकारी मंडळीतून चिकूच्या पेट्या दूरदूर जातात. पण चिकू मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथला. महाराष्ट्रात त्याची लागवड घोलवड येथे १८९८ च्या सुमारास सुरू झाली असे सांगतात. त्याच डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा परदेशी पाहुणा येथे उभा राहिला तो खिरणीच्या, म्हणजे गुजराथी 'रायण'च्या मुळांवर. रायण ही या मातीतली, चिवट, दीर्घायुषी. तिच्या रोपावर चिकूची काडी बांधतात. मूळ येथले, फळ दूरदेशीचे, आणि खाणाऱ्याला दोहोंची गोडी. आपण मराठी कुटुंबेही येथे कोणाच्या तरी मुळांवर उभी आहोत, हे विसरू नये.

चिकू झाडावर पिकत नाही. काढून पिकवावा लागतो. तयार फळाची खूण सोपी आहे. अंगावरचा तपकिरी भुसा बोटाने सहज निघतो, आणि नखाने ओरखडा काढला तर खाली हिरवे न दिसता पिवळसर दिसते. हिरवे दिसले तर आठवडाभर थांबावे. काढताना झेला वापरावा. जमिनीवर आपटलेला चिकू बाहेरून साजरा दिसला तरी आतून सडतो.

सीताफळ, रामफळ आणि मामफळ (यालाच कोणी लक्ष्मणफळ म्हणतात) ही एकाच कुळातली. मी एका रोपवाटिकेतून लक्ष्मणफळ म्हणून आणलेले रोप चार वर्षांनी रामफळ निघाले. रामायणातली एवढी अदलाबदल मी मुकाट्याने सोसली, कारण फळ गोड होते. या कुळात फुले पुष्कळ येतात पण फळे थोडी धरतात, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. कारण असे, की एकाच फुलातले स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग मागाहून सुटतात. मधल्या वेळात बारीक भुंगेरे आले तर काम होते, नाही तर फूल गळते. घरच्या एका झाडासाठी भुंगेऱ्याचे काम आपणच करावे. पहाटे पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग लहान वाटीत झाडून घ्यावेत आणि अर्धवट उघडलेल्या फुलांत मऊ कुंचल्याने अलगद फिरवावेत. आमच्या शाळेतल्या मुलांनी हा प्रयोग करून पाहिला. चित्रकलेच्या कुंचल्याने फळ धरते, हे पाहून ती हरखून गेली. सीताफळाचे डोळे एकमेकांपासून सुटू लागले आणि फटी पिवळट झाल्या की ते काढावे. बिया मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

जांबाचे झाड सुरतेच्या हवेत उत्तम येते, परंतु पिकू लागताच फळमाशी अंडी घालते आणि फळात अळ्या होतात. औषधे फवारण्यापेक्षा सापळा बरा. नवसारी कृषी विद्यापीठाने, जे २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, 'नौरोजी-स्टोनहाउस' नावाचा फळमाशीचा सापळा प्रचारात आणला आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या येऊन मरतात. सापळा फळे पिकण्याआधी टांगावा, आणि गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. हे दुसरे काम केले नाही तर पहिल्याचा उपयोग निम्मा होतो.

ज्यांना परस नाही, सदनिकेची गच्ची तेवढी आहे, त्यांनी निराश होऊ नये. ड्रॅगन फ्रूट, ज्याला गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये 'कमलम्' असे नाव दिले, हे निवडुंगाच्या कुळातले असल्यामुळे मोठ्या पिंपात, खांबाच्या आधाराने चांगले वाढते. त्याला पाणी बेताचे आणि निचरा पक्का हवा. फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते. तेव्हा कुंचला घेऊन रात्री दहानंतर गच्चीवर जावे लागते. फूल ते फळ साधारण महिनाभर.

थंडीच्या प्रदेशातल्या बांधवांनी, विशेषतः ग्वाल्हेर-दिल्लीकडील, रातांब्याचा आग्रह धरू नये. दहिवर त्याला मारक ठरते. त्यांनी फालसा लावावा. हिवाळ्यात त्याची पाने झडतात तेव्हा छाटणी करावी. नव्या फुटीवर उन्हाळ्यात फळ येते. फालसा एक-दोन दिवसांतच नासतो, म्हणून बाजारात मिळणे अवघड, आणि म्हणूनच घरी असण्यात मौज. हैदराबादकरांच्या दारी तर सीताफळाला योग्य अशी जमीन व हवा आयतीच आहे.

थोडा इशारा

घरचे फळ म्हणजे निर्धोक, असा समज चुकीचा आहे. कमरख, म्हणजे कोकणातले करमळ, निरोगी माणसाला चालते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने त्याची फोडही खाऊ नये. उचकी, भ्रम, झटके आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. त्यातले विषारी द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळे करून दाखवले. बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून ग्लासभर पिणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना केरळातील वैद्यांनी नोंदवल्या आहेत. लोणच्याची फोड निराळी आणि औषध म्हणून रस पिणे निराळे. लक्ष्मणफळाने कर्करोग बरा होतो, असा मजकूर हल्ली मोबाइलवरून घरोघर फिरतो. माणसांवरील उपचारात हे सिद्ध झालेले नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर ते फळ व त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारख्या मज्जाविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. फळ म्हणून कधीमधी खावे. औषधासाठी वैद्याकडे जावे.

शेवटी

आमचा नर रातांबा उभा आहे. मोटार अजून रस्त्यावरच असते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मादी कलमाने दोन घमेली फळे दिली. मासींचे डबे भरून उरलेली आमसुले सौभाग्यवतींनी बरणीत भरली, आणि आईच्या श्राद्धाच्या दिवशी पानात आमसुलाची चटणी घरच्या आमसुलांची वाढली. झाडाने नऊ वर्षांनी जे उत्तर दिले, ते आईला हवे होते ते नव्हते. पण फुले आली होती, आणि ती वाया गेली नाहीत, एवढे तिला सांगण्यासारखे आता माझ्यापाशी आहे.

हल्ली सुरतेतली कोणी कोणी मराठी मंडळी रोप मागायला येतात. बियांची रोपे मी चार-चार देतो. 'जागा एकाचीच आहे' असे कोणी म्हणाले, तर त्यांना रोप न देता कलम कोठे मिळेल ते सांगतो. आणि खड्डा मे महिन्यातच खणून ठेवा, हे सांगायला विसरत नाही.